दार वाजवण्याआधी

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून लिहितो आहे. ओहायोतल्या चॅग्रिन फॉल्स गावी जाऊन ‘केल्विन अँड हॉब्ज’ ही चित्रपट्टी काढणारे बिल वॉटरसन यांचा ठावठिकाणा काढणार आणि थेट दार वाजवणार, असे तू म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढायला नको होता. चरित्र तू लिहिते आहेस, मी नव्हे. तो विषय मी आता काढणार नाही.

कोलंबसच्या बिली आयर्लंड व्यंगचित्र संग्रहालयात ‘केल्विन अँड हॉब्ज’ची मूळ चित्रे समोर ठेवून, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला हे तू भिंगातून पाहतेस, हे मी बँकेतल्या जुन्या मंडळींना कोणी न विचारताही सांगतो. तू पाठवलेले तिन्ही जाड खंड वाचून झाले. चित्रपट्टीतल्या छोट्या केल्विनचे वडील त्याला धडधडीत थापा मारतात, तिथे तुझी आई माझ्याकडे पाहून हसली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर घोरतो, असे मी तुला सांगितले होते आणि तू त्याच्यासमोरून चवड्यांवर चालत जायचीस.

पण ज्या माणसाने 1985 ते 1995 या दहा वर्षांत 3,160 चित्रपट्ट्या काढल्या, केल्विनच्या बाहुल्या आणि कप विकून मिळणारा अमाप पैसा नाकारला आणि मग आपणहून थांबला, त्याने सांगायचे ते कागदावरच सांगितलेले नाही का? गावातल्या दुकानासाठी ते गुपचूप पुस्तकांवर सह्या करून ठेवत. त्या प्रती इंटरनेटवर चढ्या भावाने विकल्या जातात हे कळल्यावर त्यांनी तेही बंद केले. उलट 2014 साली व्यंगचित्रकार स्टीफन पास्टिस यांच्या चित्रपट्टीत तीन दिवस त्यांनी नाव न सांगता चित्रे काढली, ती स्वतःच्या मर्जीने. तेव्हा चिठ्ठी पाठव, वाट पाहा, उत्तर न आले तर तेही चरित्रात लिही. झाले, पुन्हा व्याख्यान सुरू झाले. क्षमा कर.

तू आठवीत असताना तुझी निळ्या रेक्झिनची वही मी वाचली होती. काळजीपोटी वाचली, असे मी म्हणालो होतो. तू रडली नाहीस. उरलेली कोरी पाने फाडून आईला वाणसामानाच्या यादीसाठी दिलीस, आणि त्यानंतर कितीतरी महिने आम्ही तुझ्याच वहीच्या पानावर तूरडाळ आणि साखर लिहीत होतो. रविवारी फोनवर तू म्हणालीस, “बाबा, मी प्रेमापोटीच जाते आहे ना,” तेव्हा मला ती पाने आठवली आणि म्हणून मी ओरडलो. तुझ्यावर नव्हे, हे तेव्हाच सांगायला हवे होते.

आईचा गुडघा आता बरा आहे. मेतकूट विनयच्या हाती पाठवले आहे, ते फ्रीजमध्ये ठेवू नकोस.

जायचे ठरवलेच असेल तर थंडीत अडीच तासांचा रस्ता आहे, पहाटे निघू नकोस. पोहोचलीस की फोन कर. दार वाजवण्याआधी केलास तरी चालेल. इथे रात्र असली तरी मी जागाच असेन.

तुझे,
बाबा