फासावर कोण गेले, तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील ऑस्ट्रेलियावरच्या लेखात न्यू साउथ वेल्स या तिथल्या ब्रिटिश वसाहतीतील १८३८च्या मायल क्रीक हत्याकांडाबद्दल म्हटले आहे की, आदिवासींच्या खुनासाठी सात गोऱ्यांना फाशी झाली, म्हणजे कायदा सर्वांना सारखा होता. हे मुळीच पटत नाही. आधी एक दुरुस्ती : सातही जण गोरे नव्हते. त्यांतला जॉन जॉन्स्टन लिव्हरपूलचा, आफ्रिकी वंशाचा होता.

१० जूनला जमीनदार हेन्री डँगरच्या गुरांच्या ठाण्यावरून विरायाराय जमातीच्या आदिवासींना दोरीने बांधून नेले आणि तलवारींनी कापून काढले. किमान २८ जण, बहुतेक बायका, मुले, म्हातारे. धडधाकट पुरुष शेजारच्या ठाण्यावर झाडांच्या साली काढायला गेले होते. मारेकरी १२. त्यांतले ११ जण ब्रिटनमधून हद्दपार झालेले कैदी किंवा शिक्षा संपलेले. बारावा, म्होरक्या जॉन फ्लेमिंग, जमीनदार घराण्यातला. अकरा पकडले गेले. फ्लेमिंग निसटला आणि त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.

कैद्याला जमीनदाराकडे नेमून देत. मजुरी नाही, फक्त शिधा आणि कपडे. आदिवासी हटून रान मोकळे झाले की फायदा मालकाचा. म्हणूनच आरोपींच्या वकिलांचे पैसे जमीनदारांनी वर्गणी काढून भरले. पण 'कैदीच क्रूर' असेही म्हणता येत नाही. कोर्टात साक्ष देणारा जॉर्ज अँडरसनही त्याच ठाण्यावरचा कैदी होता. मारेकऱ्यांत सामील व्हायला त्याने नकार दिला होता.

प्रेते जाळलेली असल्याने ओळख पटवणे कठीण होते. पहिला खटला 'डॅडी' नावाच्या थोराड म्हाताऱ्याच्या खुनाचा. अवशेष त्याचेच हे शपथेवर ठरेना, ज्यूरीने सर्वांना सोडले. अॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य वकील) प्लंकेट यांनी मग सात जणांवर एका लहान मुलाच्या खुनाचा आरोप ठेवला आणि १८ डिसेंबरला त्यांना फाशी झाली.

उरलेल्या चौघांविरुद्ध यिन्तायिन्तिन हा आदिवासी गडी महत्त्वाचा साक्षीदार होता. पण ख्रिस्ती नसल्याने त्याची शपथ ग्राह्य नव्हती. त्याला धर्मशिक्षण देऊन उभे करायचे ठरले, तोवर तो गायब झाला. १८३९मध्ये चौघेही सुटले. शपथेविना आदिवासींची साक्ष न्यू साउथ वेल्सने मान्य केली ती १८७६मध्ये. ही दुरुस्ती कृपया छापावी.

आपला,
एक वाचक, सातारा