ही माणसं आली आणि बस पुरेनाशी झाली

लॉस एंजेलिस
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. रागावलो नाहीये, तसं समजू नकोस. कुर्ला स्टेशनबाहेरची ती रांग, पाऊण तासाने आलेली गच्च भरलेली बस, पायरीवर चढताना त्या यूपीच्या पोराचं बरगडीत बसलेलं कोपर आणि मग तुम्हा दोघांची जुंपली ती, सगळं जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. २०२५ च्या मेमध्ये कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं, तेव्हापासून तुझा हा राग साठत आलाय हेही कळतं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘ही माणसं आली आणि बस पुरेनाशी झाली.’ बाळ्या, हेच वाक्य मी या वर्षी इथे दोन भाषांत ऐकलंय. म्हणून हे एवढं मोठं पत्र.

डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे माझं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहेच. तेव्हापासून गाडी चालवायला बंदी आहे, त्याला सात महिने झाले. मी राहतो इंगलवूडला आणि लॅब आहे डाउनटाउनच्या पलीकडे. दोन बस बदलाव्या लागतात. गाडीने चाळीस मिनिटं लागायची, आता दीड तास धरून चालतो. इथे गाडी नसणं म्हणजे काय ते इतक्या वर्षांत मला कधी कळलंच नव्हतं. पहाटे पावणेसहाला थांब्यावर उभं राहायचं. थांबा म्हणजे फुटपाथवर रोवलेला एक खांब, ना छप्पर ना बाक. वेळापत्रकात बारा मिनिटांनी बस असते. कधी अर्धा तास काहीच येत नाही आणि मग एकामागोमाग दोन येतात, पहिली ओसंडून वाहणारी, दुसरी रिकामी. दुपारी परतताना लोक सावलीसाठी विजेच्या खांबाच्या आडोशाला एकामागे एक उभे राहतात. २०२३ मध्ये या शहराने थांब्याच्या खांबाला लावायची भोकाभोकांची एक अरुंद पत्र्याची पट्टी आणली होती. सावलीसाठी. ‘ला सोंब्रीता’, म्हणजे छोटीशी सावली, असं तिचं नाव. एका माणसाचा खांदा झाकेल एवढीच सावली. त्या एवढ्याशा सावलीत आधी कोण उभं राहणार, यावरून माणसं एकमेकांकडे कशी बघत असतील ते तुला सांगायला नको.

आमच्या बसमध्ये दोनच प्रकारची माणसं जास्त असतात: कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोरहून आलेल्या बाया पश्चिमेकडच्या बंगल्यांत धुणीभांडी करायला, मुलं सांभाळायला निघालेल्या असतात. कृष्णवर्णीय लोकांत म्हातारी जास्त, दवाखान्याला, पेन्शनच्या कामाला निघालेली.

जूनमधली एक दुपार सांगतो. बस अशी भरलेली की दार लागेना. पुढच्या घडीच्या सीटपाशी एक तरुण लॅटिनो आई बाबागाडी घेऊन उभी होती, पोर गाडीत झोपलेलं. पुढच्या थांब्यावर एक कृष्णवर्णीय आजी वॉकर घेऊन चढली. ती जागा हक्काने तिची. ती म्हणाली, गाडी मिटव. त्या पोरीला इंग्रजी येत नव्हतं, की झोपलेलं पोर उचलायचा जीव होत नव्हता, कोण जाणे. ती नुसती मान हलवत राहिली. आजीचा आवाज चढला. मागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोललं, लगेच दुसरा इंग्रजीत म्हणाला, आपल्या देशात परत जा. ड्रायव्हरने बस थांबवली आणि ओरडला, शांत व्हा, नाहीतर सगळे खाली उतरा. आजी वॉकरला धरून उभीच राहिली, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘ही लोकं आली आणि आम्हाला उभं राहायला जागा उरली नाही.’ मी तिथेच बसलो होतो, बाळ्या. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. पोर उचलून घेता आलं असतं, गाडी मिटवता आली असती, निदान आजीला माझी सीट देता आली असती. मी बाहेर बघत राहिलो. ते मला अजून छळतंय.

दुसऱ्या वेळेला हे वाक्य ऐकलं ते स्पॅनिशमध्ये. लॅबमधल्या लोकांमुळे मला थोडीफार कळते. थांब्यावर रोज भेटणारी एक मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांताची बाई आहे, माझ्या आईच्या वयाची. ती हळू आवाजात म्हणाली, ‘मोरेनो लोकांमुळे आम्हाला बसायला मिळत नाही. सरकारी घर असो, ऑफिसातली खिडकी असो, आधी ते.’ मोरेनो म्हणजे सावळा, कृष्णवर्णीयांना ते असं म्हणतात. आणि ती बाई स्वतः रंगाने त्या आजीपेक्षा फार उजळ नव्हती.

बसमधल्या त्या भांडणानंतर एक आजोबा माझ्याबरोबरच उतरले होते. दुसऱ्या बसची वाट बघताना ते आपणहून बोलायला लागले. तरुणपणी ते डाउनटाउनच्या टॉवरांमध्ये रात्रीची साफसफाई करायचे. युनियन होती, पगार चांगला, दवाखान्याचा खर्च मिळायचा, त्यावर त्यांनी घर घेतलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इमारतवाल्यांनी काम दुसऱ्या कंत्राटदारांना दिलं. त्यांनी युनियनची माणसं काढली आणि नुकती सीमेपलीकडून आलेली माणसं निम्म्याच्या आसपास पगारावर ठेवली. आजोबा म्हणाले, ‘दहा वर्षं मी त्या माणसांना शिव्या घातल्या.’ मग १५ जून १९९० ला सेंच्युरी सिटीत संपावरच्या सफाई कामगारांना पोलिसांनी काठ्यांनी झोडपलं, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं. मार खाणारे बहुतेक लॅटिनो. मागणी काय, तर युनियन. ‘माझ्याकडून काढून घेतलेला पगार ते मागत होते, आणि त्यासाठी मार खात होते,’ असं म्हणून आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांची बस आली.

त्या दिवसापासून मी या भागाचा इतिहास वाचतोय. एके काळी इथे पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल ट्राम शहरभर धावायच्या. लाँग बीचकडे जाणारी शेवटची १९६१ मध्ये बंद झाली. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्स ही इथली कृष्णवर्णीयांची वस्ती पेटली. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली तिथून सुरुवात, सहा दिवसांत ३४ माणसं मेली. नंतर जो चौकशी आयोग बसला, मॅककोन आयोग, त्याने कारणं शोधताना बसचा मुद्दाही लिहून ठेवला: इथली सार्वजनिक वाहतूक तोकडी आणि महाग, त्यामुळे माणसं नोकरीपर्यंत पोचूच शकत नाहीत. वाचलं आणि मी चपापलो. दंगलीच्या कारणांत बस! मग १९८० च्या आसपास साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना गेला, १९८२ मध्ये जनरल मोटर्सचा गेला. म्हणजे हातातलं काम गेलं ते कुणी परका येऊन घेऊन गेला म्हणून नव्हे, कारखान्याला कुलूप लागलं म्हणून. त्याच वर्षांत मध्य अमेरिकेतल्या यादवी युद्धांतून पळालेली माणसं येऊन त्याच गल्ल्यांत स्वस्त भाड्याने राहायला लागली. जे आधीपासून होते त्यांना गेलेला कारखाना रोज दिसत नव्हता, नवा शेजारी मात्र रोज दिसत होता. आज तिथे लॅटिनोच बहुसंख्य आहेत. आणि ती लाल ट्राम गेली होती, त्याच वाटेवर १९९० मध्ये पुन्हा रेल्वे घातली. तिच्या एका स्टेशनाला आता रोझा पार्क्सचं नाव आहे, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीट सोडायला नकार देणारी ती कृष्णवर्णीय बाई.

आता खरं सांगायचं ते. १९९४ मध्ये इथल्या परिवहन प्राधिकरणाने बसचं तिकीट १ डॉलर १० सेंटवरून १.३५ करायचं आणि ४२ डॉलरचा महिन्याचा पास बंदच करायचा असं ठरवलं. पैसे नाहीत म्हणाले. आणि त्याच सुमारास पॅसाडेनाच्या रेल्वेसाठी १२ कोटी ३० लाख डॉलर काढून ठेवले. तेव्हा बस रायडर्स युनियन उभी राहिली. प्रवाशांची युनियन, बाळ्या! कामगारांची नव्हे, नुसत्या बसने जाणाऱ्या माणसांची. स्पॅनिशमध्ये तिचं नाव सिंदिकातो दे पासाहेरोस. कृष्णवर्णीय, लॅटिनो, कोरियन, काही गोरे, सगळे एकत्र. सभा चालत्या बसमध्ये व्हायच्या, पत्रकं दोन-तीन भाषांत निघायची. कृष्णवर्णीयांच्या जुन्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या एनएएसीपी या संघटनेच्या कायदा निधीने, वकील कॉन्स्टन्स राइस यांनी, या सगळ्यांच्या वतीने दावा लावला, वर्णभेदाला बंदी करणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली. न्यायाधीश टेरी हॅटर यांनी दरवाढ अडवली. १९९६ मध्ये कोर्टाच्या शिक्क्याची तडजोड झाली, दहा वर्षांची: ४२ डॉलरचा पास परत, आणि बसमध्ये उभ्या प्रवाशांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करून २००२ पर्यंत आठवर आणायची. उभे आठ, त्याहून जास्त नाही. कोर्टाने माणसं मोजायला लावली. मी हे वाचलं तेव्हा ती बाबागाडी आठवली. आठच माणसं उभी असती तर आजी आणि ती पोर, दोघी मावल्या असत्या. भांडायला कारणच उरलं नसतं.

ती मुदत २००६ मध्ये संपली. तोवर कोर्टात जायचं ते दारही बंद झालं होतं. अलाबामात गाडीच्या परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत घेत, म्हणून सँडोवाल नावाच्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईने त्याच कायद्याखाली दावा लावला होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला आणि ठरवलं, नुसता परिणाम भेदभावाचा होतोय एवढ्यावर सामान्य माणसाला या कायद्याखाली कोर्टात जाता येणार नाही, हेतू सिद्ध करा. म्हणजे बघ, कायदा मिळवला कृष्णवर्णीयांनी, तो वापरू पाहिला एका लॅटिनो बाईने, आणि निकालाने दार मिटलं ते दोघांवर.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ७ ऑक्टोबर २०२२ ला क्रेनशॉ भागातून जाणारी के लाइन ही नवी रेल्वे सुरू झाली. लायमर्ट पार्क ही इथल्या कृष्णवर्णीयांची सांस्कृतिक पेठ. मूळ आराखड्यात तिथे स्टेशनच नव्हतं, लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ते मिळवलं. आणि दोनच दिवसांनी एक ध्वनिफीत बाहेर आली. नगरसभेच्या अध्यक्ष न्यूरी मार्टिनेझ आणि आणखी काही लॅटिनो पुढारी आदल्या वर्षी बंद खोलीत वॉर्डांच्या फेररचनेवर बोलत होते, आपल्याला किती, त्यांना किती. बोलता बोलता मार्टिनेझबाई एका सहकाऱ्याच्या लहान कृष्णवर्णीय मुलाला माकडाची उपमा देऊन गेल्या. त्याच बैठकीत ओआहाकाच्या माणसांचीही हेटाळणी, बुटके आणि काळे म्हणून. बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात ओआहाकाची माणसं बँड वाजवत रस्त्यावर उतरली. माझ्या थांब्यावरची बाई त्या मोर्चात होती. मी तिला विचारलं, त्या मुलाबद्दल जे बोलले ते आठवतं का? म्हणाली, ‘आठवतं. आम्हालाही तेच बोलले होते.’ मोरेनोंबद्दल बोलली होती तीच ही बाई. माणूस एका वेळी दोन्ही असतो, मी तरी तिला त्यावरून काही सुनावणार नाही.

पुढच्याच महिन्यात कॅरन बॅस महापौर म्हणून निवडून आल्या. त्यांनी १९९० मध्ये इथेच, दक्षिण भागात, कम्युनिटी कोअॅलिशन नावाची संस्था काढली होती, सुरुवातीपासून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो शेजाऱ्यांना एका खोलीत बसवून. ती अजून चालू आहे. अशी कामं दिसायला लहान असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि आपली माणसं? गणपतीला गेलो होतो तेव्हा एकाने विचारलं, ‘बसने जातोस? त्या वस्तीतून? भीती नाही वाटत?’ बोलणारा इथे तीस वर्षं राहतोय, त्या वस्तीत एकदाही गेलेला नाही. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती इथल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे त्याच घोळक्यात सांगितलं तर दोघांना नवीन होतं. मी चिडलो, बोललोही, आरती सुरू झाली म्हणून थांबलो.

तुला मी काय सांगणार? त्या रांगेत तू उभा राहतोस, मी नाही. पण एवढं कर. पुढच्या वेळी त्या थांब्यावर तासभरात किती बस आल्या आणि पूर्वी किती यायच्या ते वहीत लिहून ठेव. तो पोरगाही बहुतेक रोज त्याच वेळेला येत असेल. त्यालाही लिहायला सांग, त्याच्याकडे तुझ्यापेक्षा जुन्या नोंदी नसतील, पण परतीच्या वेळेच्या असतील. मीही इथे हेच सुरू केलंय, पाच आठवडे झाले, आणि थांब्यावरची बाई मला संध्याकाळचे आकडे देते, कारण तेव्हा मी नसतो.

डोळा बरा आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टर गाडी चालवायला परवानगी देतील असं दिसतंय. ती आजी परत एकदा दिसली, मागच्या गुरुवारी. मी उठलो, ती बसली. काही बोलली नाही, मीही नाही. तिचा वॉकर घसरत होता म्हणून उतरेपर्यंत धरून ठेवला.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. आणि बरगडी खरंच दुखत असेल तर एक्स-रे काढून घे, अंगावर काढू नकोस.

तुझाच,
बंड्या