निळ्या आणि तांबड्या पेन्सिलीबद्दल आभार

प्रिय सर,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्वायरनं मोझार्टचा 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, गायला, त्या संध्याकाळी गर्दीत तुमच्याशी दोन शब्दही बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

मी पुण्यात तुमच्याकडे आले तेव्हा मला भातखंडे स्वरलिपी येत होती, पाच रेघांवरचं नोटेशन येत नव्हतं. दर रविवारी तालमीआधी तासभर येऊन तुम्ही अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, ओळ माझ्याकडून घोटून घेतलीत. पण त्याहून मोठं ऋण त्या पेन्सिलींचं आहे. अठ्ठावीस प्रतींवर तुम्ही स्वतः खुणा केल्यात: निळं ते मोझार्टच्या हातचं, तांबडं ते मागाहून इतरांनी भरलेलं.

निळं इतकं थोडं असेल असं मला वाटलं नव्हतं. ५ डिसेंबर १७९१ला मोझार्ट गेला तेव्हा पूर्ण झाला होता तो फक्त पहिला भाग, 'इंट्रोइटस'. पुढे बऱ्याच ठिकाणी गाणाऱ्यांच्या चार ओळी आणि खालचा बास तेवढा लिहिलेला. वाद्यांच्या रेघा बहुतेक कोऱ्या. आणि 'लाक्रिमोसा' हा अश्रूंचा भाग तर आठच बारचा, बार म्हणजे तालाचं एक छोटं माप. एका तालमीत तुम्ही आम्हाला तेवढाच गायला लावलात. 'होमो रेउस', म्हणजे 'अपराधी माणूस', या शब्दांवर आवाज चढत गेले आणि तिथंच तुम्ही हात खाली घेतलात. कुणी पानसुद्धा उलटलं नाही. त्या शांततेत पहिल्यांदा मला कळलं, की आपण काय गातोय. मग पियानोवर तुम्ही आयब्लर या संगीतकारानं जोडलेले दोन बार वाजवलेत, सोप्रानोची, म्हणजे सगळ्यांत वरच्या आवाजाची, एकटी ओळ. त्यानं तिथंच काम सोडलं. ते शेवटी मोझार्टचा शिष्य झ्यूसमायर यानं पुरं केलं.

झ्यूसमायरला मी नावं ठेवली होती. 'ओसान्ना' हा स्तुतीचा भाग पहिल्यांदा डी मेजरच्या पट्टीत आणि परत येताना बी फ्लॅटच्या पट्टीत, हे कसलं पुरं करणं? तुम्ही म्हणालात, "पंचविशीतला मुलगा होता तो. गुरू गेलेला, घरात विधवेला पैशांची निकड. ते बदलायचं नाही, गायचं." माझ्या गुरुजींकडे एक बंदिश होती, अंतरा हरवलेली. त्यांनी तो स्वतः बांधला आणि दर वेळी गाण्याआधी सांगायचे, अंतरा माझा आहे. तुमच्या तांबड्या पेन्सिलीत मला तोच प्रामाणिकपणा दिसला.

बॅसेट हॉर्न, क्लॅरिनेटच्या जातीची खालच्या सुराची वाद्यं, आपल्याला मिळणार नव्हते. त्यांचे भाग तुम्ही क्लॅरिनेटसाठी उतरवून काढलेत. 'आमेन'चा तो बर्लिनमध्ये सापडलेला फ्यूगचा (एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात अशा रचनेचा) कच्चा आराखडा तालमीत गाऊन घेतलात, कार्यक्रमात घातला नाहीत. मला तेव्हा हळहळ वाटली, आता पटतं: सोळा बारच्या आराखड्याचा पुढचा फ्यूग आपणच रचावा लागला असता.

शेवटच्या 'लुक्स एतेर्ना' ('शाश्वत प्रकाश') या भागापाशी मात्र माझ्या प्रतीत पुन्हा निळं दिसतं. सुरुवातीचंच संगीत, शब्द तेवढे वेगळे. तिथं तुम्ही समासात लिहिलंय, "इथे घरी आलो." गाताना त्या ओळीवर माझा आवाज भरून आला, सर, आणि एक सूर हुकला. तुम्ही माझ्याकडे पाहून मान हलवलीत आणि पुढची ओळ उचलायची खूण केलीत.

प्रत मी खोडलेली नाही. रविवारी नेहमीसारखी तासभर आधी येते.

तुमची,
अल्टोतली, दुसऱ्या रांगेतली