चिठ्ठीवर एक ओळ नसते म्हणून

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘नशेच्या गोळ्या जप्त’ अशी बातमी आली की औषध दुकानदार ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनांवरचे औषध ठेवायलाच कचरतात. गैरवापर थांबला पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण विदर्भात गावोगावी आहेत. सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला तरुण, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायातली कळ न गेलेला मजूर, कर्करोग हाडांत उतरलेली आजी. यांच्या बाबतीत खरा धोका गोळी मिळण्यात नाही, ती मध्येच संपण्यात आहे. ती का संपते आणि आहे त्याच कायद्यात राहून हे कसे टाळता येईल, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले आणि ‘आता ते बंद झाले’ असा समज पसरला. ते बंद झालेले नाही. त्याच कायद्याखालच्या नियम ६६ नुसार रुग्णाला स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधाच्या १०० मात्रा, म्हणजे १०० गोळ्या, एका वेळी जवळ ठेवता येतात. दीर्घकाळ उपचारासाठी लागणार असल्याचे डॉक्टरांनी खास लिहून दिले असेल, तर ३०० पर्यंत. आता हिशेब बघा. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, म्हणजे महिन्याला १२०. चिठ्ठीवर ती खास ओळ नसेल तर दुकानदार १०० वर थांबतो. त्या २५ दिवसांत संपतात, आणि ओपीडीची पुढची तारीख असते महिनाभरानंतरची. भामरागडहून किंवा धारणीहून नागपूरला येणाऱ्या माणसाने मधले पाच दिवस काय करायचे? यावर दुसरा एक उपायही आहे. सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली तर महिन्याला साठच लागतात. मात्र ती तोडून, कुटून किंवा चावून घेऊ नये. बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते.

दुसरी अडचण चिठ्ठी किती वेळा चालते याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम ६५ नुसार, डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल काही लिहिले नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. दुकानदार नकार देतो तो बहुतेक वेळा यामुळे, आणि त्यात त्याची चूक नसते. चिठ्ठी अशी हवी: रुग्णाचे नाव व पत्ता, तारीख, आणि मग ‘ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ, १ गोळी दिवसातून ४ वेळा, ३० दिवस, एकूण १२०, अक्षरी एकशे वीस, दीर्घकालीन वैयक्तिक उपचारासाठी, दर ३० दिवसांनी याप्रमाणे एकूण ३ वेळा द्यावे.’ खाली सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. आकडा अक्षरांतही लिहिला की कोणी त्यापुढे शून्य वाढवू शकत नाही आणि दुकानदारही निर्धास्त होतो. त्याने प्रत्येक वेळी चिठ्ठीवर दुकानाचे नाव-पत्ता व तारीख टाकावी आणि शेड्यूल एच-१ च्या (प्रत्येक विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या) नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी. एवढे केले की तपासणीला कोणीही येवो, त्याची बाजू कागदावर स्वच्छ असते. रुग्णांनी एकच दुकान धरावे, गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी तिथे सांगून ठेवावे, मूळ चिठ्ठी न्यावी (मोबाइलवरचा फोटो चालत नाही) आणि एसटीत गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, चिठ्ठीसोबत ठेवाव्यात. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत.

खंड पडला तर काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. महिनोन्‌महिने ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामके, ट्रॅमाडॉल व मॉर्फिन त्यातलीच) घेणाऱ्या शरीराला त्याची सवय झालेली असते. ते एकाएकी थांबले की घाम, जुलाब, नाक वाहणे, अंग मोडून येणे, रात्रभर झोप नसणे हे सगळे सुरू होते, आणि मूळ दुखणे उसळते ते वेगळेच. ट्रॅमाडॉलमध्ये याच्या जोडीला प्रचंड अस्वस्थता येते. अशा अवस्थेत काउंटरवर आलेला माणूस व्यसनी वाटतो आणि त्याला हाकलले जाते. शरीराला सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावतो. इथे माणूस ठरलेली मात्रा ठरल्या वेळी मागतो आहे. औषध खरोखर बंद करायचे असेल तर वर्षभराहून जास्त काळ घेणाऱ्यांचे महिन्याला साधारण दहा टक्के, गरज पडल्यास त्याहूनही सावकाश, कमी करावे लागते. भीतीपोटी एका दिवसात बंद करणे हा उपचार नव्हे.

ट्रॅमाडॉल मिळाले नाही की रुग्ण डायक्लोफिनॅककडे वळतो. खरे तर तेही चिठ्ठीचेच औषध, पण ते सहसा कोणी अडवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, अंगातले पाणी आटलेले, त्यावर दिवसाला दोन-तीन डायक्लोफिनॅक म्हणजे मूत्रपिंडावर थेट घाव. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच दुबळी असतात. आमच्या मते नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्या ट्रॅमाडॉलपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मॉर्फिनची वाट निराळी. १९८५ च्या या एनडीपीएस कायद्यानंतर रुग्णालयांना एकाच औषधासाठी अनेक परवाने काढावे लागत, म्हणून बहुतेकांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच मान्यता पुरते. तरी डॉक्टरांची मोठी पिढी जुन्या धास्तीतच वाढली. अफू आपल्या शेजारच्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते, आणि तिच्यातून निघणाऱ्या औषधासाठी विदर्भातला रुग्ण तळमळतो, हे मनाला फार लागते.

मॉर्फिन सुरू झाले की पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठतेचे औषधही हवे, आतड्याला चालना देणारे, उदाहरणार्थ बिसाकोडिल. घरोघरी इसबगोल देतात. पाणी कमी पडले तर इथे ते उलट अडकून बसते. मळमळ पहिल्या काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध असेपर्यंत राहते. ठरल्या वेळांच्या मधे कळ उठली तर द्यायची जादा मात्रा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सुमारे एक षष्ठांश असते. दिवसाला ६० मिलिग्रॅम असेल तर १०. मूत्रपिंड कमकुवत असल्यास मॉर्फिनचे अवशेष अंगात साचून गुंगी वाढते, तिथे फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी) बरा. तो ७२ तासांनी बदलायचा. लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. त्यावर गरम पाण्याची पिशवी नको, उन्हात बसणे नको, आणि ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. उष्णतेने औषध वेगाने आत शिरते आणि श्वास मंदावू शकतो. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावा. त्यात उरलेले औषध लहान मुलाला घातक ठरते. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या व पॅच त्या संस्थेकडे परत द्यावेत. कपाटात राहिलेल्या गोळ्यांनाच पाय फुटतात.

ट्रॅमाडॉल सगळ्यांसाठी आहे असे आम्ही म्हणत नाही. गुडघ्याच्या साध्या झिजेत ते दीर्घकाळ फारसे उपयोगी नाही. मधुमेहाने पायांची आग होते तिथे आधी ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रिगाबालिन. ट्रॅमाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आकडी येणाऱ्यांना देऊ नये, आणि नैराश्याच्या अनेक औषधांबरोबर ते धोक्याचे ठरते.

अन्न व औषध प्रशासनाने विदर्भातील मान्यताप्राप्त संस्थांची जिल्हावार यादी, औषध मिळण्याच्या वेळांसह, मराठीत जाहीर करावी आणि नियम ६६ मधली १०० व ३०० ची मर्यादा प्रत्येक दुकानदाराला परिपत्रकाने कळवावी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या सिकलसेलच्या पट्ट्यातील जिल्हा रुग्णालयांत मॉर्फिनच्या गोळ्यांचा साठा कायम असावा, म्हणजे दर महिन्याची नागपूरची फेरी वाचेल. त्यासाठी संस्थांनी वर्षाच्या गरजेचा अंदाज मागच्या वर्षीच्या खपावरून नव्हे, तर नोंदवलेल्या रुग्णांवरून बांधावा. मागच्या वर्षी तुटवडा असेल तर खप कमीच दिसणार. आणि ज्या ओपीडीत असे रुग्ण येतात तिथे ‘दीर्घकालीन वैयक्तिक उपचारासाठी, दर ... दिवसांनी, एकूण ... वेळा’ असा रबरी शिक्का टेबलावर असावा. गर्दीत ती ओळ हाताने लिहायची राहून जाते.

वेदनाशमन सेवेतील काही डॉक्टर व औषधनिर्माते,
नागपूर