तालमीचा नकाशा काढण्याआधी

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाशकातल्या आपल्या तालमीच्या जीर्णोद्धाराचे अखेर ठरले. सगळीकडे फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि वर स्लॅब टाकून एक मजला, असा आराखडा मंडळींसमोर आला आहे. तू वास्तुविशारद आहेस आणि याच मातीत घुमलेला आहेस, म्हणून सविस्तर लिहितो. ही वास्तू व्यायामाची बारीक जाण असलेल्या माणसांनी बांधली आहे आणि ते न ओळखता तिला हात लावला, तर भिंती नव्या होतील, पण आखाडा निकामी होईल.

काळ्या दगडाचे जोते कमरेइतके उंच का, हे गोदाकाठी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले, हे आजही आपण आधी विचारतो. त्या उंच जोत्यावर चढून, ठेंगण्या दारातून वाकून आत गेले की कुस्तीच्या मातीचा हौद मात्र पुन्हा खाली उतरलेला असतो. भिंती जाड, विटा-चुन्याच्या; झरोके डोक्याच्याही वर. घामाने निथळणाऱ्या अंगावर वारा थेट येत नाही, लढणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेडाची तिरीप पडत नाही, आणि मुख्य म्हणजे मातीची ओल टिकते. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून ती रोज फावड्याने खणायची, हे सगळे कष्ट त्या ओलीसाठीच असतात. काचेतून दुपारचे ऊन हौदावर आले की माती सुकणार, तिचा फुफाटा होणार आणि पडणाऱ्या पोराचे अंग सोलवटणार.

पण माझी खरी काळजी मल्लखांबाची आहे. कडीपाटाचे छत सगळीकडे बेताच्या उंचीचे आहे. फक्त मल्लखांबाच्या खणात ते वर उचलून घेतले आहे. सागाचा तो खांब पुरुषभर उंचीच्याही वर जातो, आणि मुलगा त्याच्या टोकावरच्या बोंडावर उभा राहिला की त्याच्या डोक्यावर मोकळी जागा लागते. नव्या आराखड्यातली स्लॅब सर्वत्र एकाच पातळीवर आहे. म्हणजे खांब तरी कापावा लागेल, नाहीतर अंगणात न्यावा लागेल, आणि मग पावसाळ्याचे चार महिने सराव बंद. एरंडेल लावून, हातापायांच्या पकडीने गुळगुळीत झालेली त्या खांबाची मान आणि तिच्याखालचे अंग तू एकदा हात फिरवून पाहा. असे लाकूड पावसात कोण ठेवील?

हे नाशकात व्हावे, याचे मला विशेष वाईट वाटते. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पण पुढे विस्मरणात गेलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली, आणि तिची प्रेरणा त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंग गडावर मिळाली, अशी परंपरा आहे. समर्थ रामदासांनी १२ वर्षे तप केले आणि मारुती स्थापला, ती टाकळीही इथलीच. देवळीतल्या शेंदऱ्या मारुतीला हात लावल्याशिवाय आपण कधी हौदात उतरलो नाही. आराखड्यात ती देवळी असलेली भिंतच काढली आहे.

दुरुस्ती नको, असे मी म्हणत नाही. पश्चिमेकडच्या दोन तुळया वाळवीने पोकळ झाल्या आहेत, कौले गळतात, मोरीची दुर्गंधी आत येते. ही कामे तातडीची आहेत. बांधकामाची बैठक व्हायच्या आत एका रविवारी ये. झरोक्यांची उंची, हौदाची खोली आणि मल्लखांबाच्या खणाचा उभा छेद तू मोजून काढून दे, म्हणजे बैठकीत नुसत्या भावनेने बोलावे लागणार नाही. वस्ताद सकाळी लवकर येतात. माती किती खोल भरली आहे, हे त्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा मुक्कामाला शनिवारीच ये.

तुझा,
बालमित्र