दुपट्यात शिवलेल्या बांगड्या

चिपळूण

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू छकुलीला सांगत होतास, "एका वेड्या माणसाने कुवेत बळकावलं आणि आम्ही पळून आलो." तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन क्रूर होता, पण वेडा नव्हता रे. त्याच्यापुढे उधारीची वही होती. १९८० ते १९८८ इराणशी लढून इराक कर्जात बुडाला. एकट्या कुवेतचंच सुमारे १४ अब्ज डॉलर देणं. ते माफ करा म्हणून तो मागे लागला, कुवेत ऐकेना. उलट कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतो, सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातलं आमचं तेल चोरतो, अशी त्याची तक्रार. बॅरलमागे १ डॉलर उतरला की आमचं वर्षाला १ अब्ज जातं, म्हणायचा. कुवेत मुळात इराकच्या बसरा प्रांताचाच तुकडा, हा दावा तर १९६१ मध्ये इंग्रज गेले तेव्हाही इराकने केला होता. सौदीतल्या जेद्दाहला दोघांची बोलणी फिसकटली आणि २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे रणगाडे आले. देणं फिटेना म्हणून सावकाराचं घरच लुटलं.

तू दीड वर्षाचा होतास. आमचा आधी पैसा गेला. कुवेती दिनार ३ डॉलरहून जास्त किमतीचा. इराकने फर्मान काढून तो बाजारात कितीतरी स्वस्त असलेल्या आपल्या दिनाराच्या बरोबरीला आणला. तुझ्या बाबांची अकरा वर्षांची बचत बँकेत अडकली. उरल्या माझ्या चार बांगड्या. त्या मी तुझ्या दुपट्याच्या घडीत शिवल्या आणि बसऱ्याच्या बसमध्ये बसले. पुढे बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवर रुवैशिदचे तंबू. ऑगस्टचं ऊन. तू सारखा रडायचास, मला वाटायचं भूक. अम्मानला दुपटं सोडलं, तर तुझ्या पाठीवर बांगडीचा लाल वळ, अगदी गोल.

तिथून एअर इंडियाने आणलं. दोन महिन्यांत चारशेहून जास्त फेऱ्या, लाखाहून जास्त माणसं. त्या वैमानिकांना मी अजून हात जोडते.

पुढची लढाई टीव्हीवर पाहिली. कुवेत सोडायला संयुक्त राष्ट्रांनी इराकला दिलेली मुदत संपली, १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांचे बॉम्ब पडू लागले, २४ फेब्रुवारीला त्यांच्या फौजा जमिनीवरून घुसल्या आणि २८ ला सगळं थांबलं. जाता जाता इराक्यांनी सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विझेपर्यंत नोव्हेंबर उजाडला.

मग संयुक्त राष्ट्रांच्या भरपाईचे अर्ज निघाले. आपणही भरला. काही वर्षांनी पैसे आले, बाबांनी घराला स्लॅब घातला. मला नंतर कळलं, तो पैसा इराकच्या तेलातून कापलेला होता, सुरुवातीला शंभरातले तीस. त्याच काळात इराकवर घातलेल्या व्यापारी निर्बंधांमुळे तिथल्या आयांना लेकरांसाठी औषध मिळत नव्हतं. बसऱ्यात बस थांबली तेव्हा अशाच एका बाईने तुझी बाटली पाण्याने भरून दिली होती. स्लॅब बघितला की ती आठवते. छकुलीला तिचंही सांग.

त्या चार बांगड्या मी मोडल्या नाहीत. दोन छकुलीसाठी काढून ठेवल्यात, गणपतीला आलास की घेऊन जा.

तुझी,
आई