तक्रार : दुपारी ओरडणारा आणि पहाटे गप्प बसणारा अमोनिया सेन्सर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कोंबड्यांच्या शेडसाठी घेतलेल्या ऑप्टिकल फायबर अमोनिया सेन्सरमधील दोषाबाबत.

महोदय,

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात माझे ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी आपल्याकडून वरील सेन्सर घेतला. बिल आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

हाच सेन्सर घेण्यामागे कारण होते. शेडात साधी विजेची उपकरणे टिकत नाहीत. कोंबड्यांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू तांब्याच्या तारा आणि जोड खातो, वर कोंड्याची धूळ बसते ती वेगळीच. शेडात फक्त प्लास्टिकचे फायबर राहील, विजेचा सगळा भाग डब्यात बाहेर, असे आपल्या माहितीपत्रकात होते. कल्पना मला पटली होती, आजही पटते. तक्रार डब्याबद्दल आहे.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, सगळे पडदे वर, पंखे सुरू, शेडात वाराच वारा, अशा वेळी अलार्म वाजायचा. शेडावरचा गडी म्हणायचा, "भाऊ, वास तं काहीच नाही, अन् हे मशीन बोंबलून राह्यलं." आम्हाला वाटले, नवे आहे, होईल ठीक. खरा घोटाळा डिसेंबरात कळला. थंडीमुळे रात्रभर पडदे खाली होते. पहाटे आत शिरलो की डोळे चरचरायचे, पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी यायचे आणि डब्यावर आकडा दिसायचा ९ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९ भाग अमोनिया)! पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ओली कागदी पट्टी धरली, तर ती २० च्या पुढच्या रंगावर गेली. अमोनिया २५ च्या वर राहू देऊ नये, हे कुक्कुटपालनात सगळ्यांना माहीत आहे. त्या बॅचचे वजन भरले नाही. वजनाची नोंद जोडली आहे.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आहे, म्हणून घरीच तपासून पाहिले. नवसागर आणि चुना कालवला की अमोनिया सुटतो; ते मिश्रण प्रोबजवळ, म्हणजे वायू ओळखणाऱ्या फायबरच्या भागाजवळ धरले. फायबरचे आवरण काढून जिथे रंगाचा लेप दिला आहे, ती पिवळी पट्टी डोळ्यांदेखत जांभळी झाली आणि आकडा झरझर चढला. म्हणजे लेप काम करतो. मग प्रोब स्वच्छ बरणीत घालून घरात सावलीला ठेवला आणि फक्त डबा अंगणात उन्हात ठेवला. बरणीत अमोनियाचा अंशही नसताना आकडा ६ वरून ३१ वर गेला.

कारण उघड आहे. आपला डबा फायबरमधून किती प्रकाश परत आला एवढेच मोजतो आणि जो कमी पडला तो अमोनियाने खाल्ला असे धरतो. पण एलईडी तापली की तिचा उजेड कमी होतो, पिवळ्या एलईडीचा तर जास्तच. थंडीत तो वाढतो आणि खऱ्या अमोनियाने घटलेला प्रकाश भरून काढतो. फायबर वाकले किंवा टोकावर धूळ बसली, तरी प्रकाश कमीच होणार. म्हणजे कापूस उन्हात जड आणि सावलीत हलका तोलणारा काटा आमच्या गळ्यात बांधला आहे. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे : लेप जो रंग शोषत नाही अशा रंगाची दुसरी एलईडी त्याच फायबरमधून सोडायची, दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर घ्यायचे आणि डब्यातले तापमान मोजून उरलेला फरक दुरुस्त करायचा. नेमका हाच खर्च आपण वाचवलेला दिसतो. जाहिरातीत मात्र "१ पीपीएमपर्यंत संवेदनशील" असे ठळक छापले आहे. मला १ पीपीएम नको आहे हो. १० आणि २५ यांतला फरक डिसेंबरच्या पहाटेही बरोबर कळला, तरी माझे भागते. आपल्या अचूकतेच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात "२५ अंश सेल्सिअसला" असे लिहिले आहे. विदर्भात तसे हवामान असतेच किती दिवस?

दुसरी गोष्ट प्रोबची. उन्हाळ्यात फॉगरचे (गारव्यासाठी तुषार उडवणाऱ्या नळ्यांचे) पाणी उडून लेप एका टोकाला पांढुरका पडला आहे. लेप कधीतरी झिजणार, हे मान्य. पण तो बदलायला अख्खा डबा कुरिअरने आपल्याकडे पाठवायचा आणि तोवर चालू बॅच रामभरोसे सोडायची, याला स्वस्त उपकरण म्हणत नाहीत. प्रोब जोडणीतून काढून इथल्या इथे बदलता आला पाहिजे आणि त्याची किंमत बिलावर आधीच छापलेली हवी.

आपल्या फोनवरील प्रतिनिधीने "हा व्यावसायिक वापर आहे, वॉरंटी लागू नाही" असे सांगितले. वॉरंटी कार्डावर अशी अट कुठेच नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरली जात नाही. हे शेड मी आणि माझी पत्नी एका गड्याला हाताशी धरून चालवतो.

तरी दोन प्रकाशांच्या तुलनेवर चालणारा डबा आणि नवा प्रोब बदलून द्यावा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

तपासणीसाठी तंत्रज्ञ पाठवणार असाल, तर कृपया पहाटे पडदे उघडण्याआधी शेडावर येतील असे पाहा. आदल्या रात्री मुक्कामाची सोय आमच्याकडे होईल. भर दुपारी येऊन "आकडा तर चढतोय, सेन्सर ठीक आहे" असा शेरा मारून गेल्यास मी त्यावर सही करणार नाही.

आपला,
एक ग्राहक व कुक्कुटपालक
ता. आर्वी, जि. वर्धा

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, सावली व उन्हातील आकड्यांचे फोटो, डॉक्टरांची नोंद, बॅचच्या वजनाचा कागद.